एक लेन्स, तीन अभिप्राय आणि मधली रिकामी कडी

लेन्स एकच होती, कॅमेऱ्याचे मॉडेलही एकच. तरी तिघांचे अभिप्राय वाचले की तीन वेगळ्या लेन्सबद्दल बोलणे चालले आहे असे वाटावे. लँडस्केप काढणाऱ्याने लिहिले, ‘डावी बाजू गेलेली आहे. एफ/८लाही सुधारत नाही. माझ्या कामाला निरुपयोगी.’ पोर्ट्रेट करणारीने लिहिले, ‘एफ/४ला इतकी विरघळलेली पार्श्वभूमी मी फुल फ्रेमवर कधी पाहिली नाही. मिडियम फॉरमॅट म्हणतात ते हेच.’ तिसरे आमचे काका. चित्रांची आणि जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांचा अभिप्राय एका ओळीचा: ‘एफ/८ला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सारखी. थोडी फिकट आहे. काम होते.’ (एफ/४, एफ/८ हे लेन्सच्या छिद्राचे माप: आकडा मोठा तितके छिद्र लहान. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमीचा सेन्सर, मिडियम फॉरमॅट म्हणजे त्याहून मोठा.)

लेन्सचा मालक चौथा. ही लेन्स ठेवावी, की विकून कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माउंटची, म्हणजे लेन्स बसवायच्या खाचेची, आधुनिक लेन्स घ्यावी, हे त्याला ठरवायचे होते. म्हणून तर त्याने ती तिघांकडे आळीपाळीने फिरवली होती. हाती आले ते हे. त्याने तिन्ही अभिप्राय आणि सगळ्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइल्स माझ्याकडे पाठवल्या आणि विचारले, ‘खरे कोण बोलतेय?’

तिघेही जे दिसले तेच बोलत होते. जे दिसत होते ते कशामुळे, याबद्दल मात्र दोघांचा अंदाज साफ चुकलेला होता, आणि गंमत म्हणजे त्या दोघांकडून राहून गेलेली गोष्ट एकच होती.

सामान

कॅमेरा फुजिफिल्म जीएफएक्स १००एस, २०२१ सालचा. सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने फुल फ्रेमच्या जवळजवळ १.७ पट, १०२ मेगापिक्सेल, आणि एका पिक्सेलची रुंदी ३.७६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेन्स हासेलब्लाडच्या ५०० मालिकेची, कार्ल झाइस प्लॅनार ८० मिमी एफ/२.८, जुन्या ‘सी’ पिढीतली, परावर्तन कमी करणारे टी-स्टार कोटिंग येण्याच्या आधीची. ५००सी हा कॅमेरा १९५७मध्ये आला. त्याच्या लेन्समध्ये शटर आतच बसवलेले असते आणि डायफ्रॅमला, म्हणजे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या यंत्रणेला, पाच पाती असतात. या दोन्ही गोष्टी पुढे कामाला येणार आहेत.

ही लेन्स ६×६ फिल्मसाठी आखलेली. १२० फिल्मवरच्या त्या चौकोनाचे खरे माप साधारण ५६ × ५६ मिमी, कर्ण ७९ मिमी. जीएफएक्सच्या सेन्सरचा कर्ण ५५ मिमीच्या आसपास. म्हणजे केंद्रापासून सुमारे ४० मिमीपर्यंत चित्र देणाऱ्या लेन्सचा आपण फक्त २७ मिमीपर्यंतचा भाग वापरतो. सेन्सरची डावी कड तर केंद्रापासून जेमतेम २२ मिमीवर. प्लॅनारचा हा भाग फिल्मच्या हिशेबात ‘कड’ नव्हेच, तो मधला मुलूख. तिथे लेन्स ढासळते, तीही एकाच बाजूला, आणि एफ/८लासुद्धा! माझी पहिली शंका इथूनच सुरू झाली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: फिल्मच्या लेन्सना १०२ मेगापिक्सेल पेलत नाहीत. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल सिद्धांतानुसार मिलिमीटरला जास्तीत जास्त १३३ रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी) टिपू शकतो. फुजीच्याच वेल्व्हिया ५० या स्लाइड फिल्मच्या माहितीपत्रकात १.६:१ कॉन्ट्रास्टला ८० आणि १०००:१ला १६० रेषा प्रति मिलिमीटर असे आकडे आहेत. म्हणजे उत्तम फिल्म आणि हा सेन्सर यांच्या मागणीत जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक पडला आहे तो आपल्या पाहण्यात. ११,६४८ पिक्सेल रुंदीची फाइल इंचाला ९२ पिक्सेल असलेल्या साध्या मॉनिटरवर शंभर टक्क्यांनी उघडली, की आपण सव्वातीन मीटर रुंदीचे चित्र हातभर अंतरावरून बघत असतो. स्लाइडवर दहापट भिंग लावणाराही इतका जवळ जात नसे.

तीन चित्रे, तीन मापे

अभिप्राय वेगळे होण्याचे एक कारण लेन्सच्या बाहेरचे होते, ते आधी बाजूला काढतो. लँडस्केपवाल्याने शंभर टक्क्यांचे तुकडे दाखवले होते: डावी कड, मध्य, उजवी कड. पोर्ट्रेटवालीने संपूर्ण चित्र २०४८ पिक्सेल रुंदीला आणून दाखवले होते. ४:३ प्रमाणात त्याचे होतात सुमारे ३.१ मेगापिक्सेल, मूळ फाइलमधले दर शंभरातले सत्त्याण्णव पिक्सेल गेले. रुंदीत मूळचे जवळपास सहा पिक्सेल मिळून नव्या चित्राचा एक पिक्सेल होतो. मूळ चित्रात चार पिक्सेलांची धूसरता असली तरी ती या एका पिक्सेलच्या पोटात गडप होणार. लँडस्केपवाल्याची तक्रार पोर्ट्रेटवालीच्या मापात दिसणे शक्यच नव्हते. आणि तिची स्तुती त्याच्या तुकड्यांत दिसणे शक्य नव्हते, कारण पार्श्वभूमी कशी विरघळते हे तुकड्यात कळत नाही, त्याला अख्खे चित्र लागते.

रंगांबद्दलही बरेच लिहिले गेले होते. ते लवकर निकालात निघाले. एकीने कॅमेऱ्यातले, फिल्मच्या रंगांची नक्कल करणारे फिल्म सिम्युलेशन लावले होते, दुसऱ्याने रॉ कन्व्हर्टरचे मूळ रंग-प्रोफाइल ठेवले होते. सगळ्या फाइल्स एकाच प्रोफाइलवर आणि एकाच करड्या पट्टीवर व्हाइट बॅलन्स घेऊन उघडल्यावर ‘झाइसचे रंग’ जवळजवळ नाहीसे झाले. कोटिंगमुळे येणारी किंचित उबदार झाक उरली, तीही शोधली तरच दिसेल एवढी.

एफ-क्रमांक कोणी नोंदवला?

इथे खरा तपास सुरू झाला. हाताने चालणारी लेन्स साध्या ॲडॉप्टरवर, म्हणजे परकी लेन्स कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या जोडकडीवर, लावली की कॅमेऱ्याला छिद्र किती आहे ते कळत नाही. फोकल लेंग्थ आपण मेनूत भरतो म्हणून ती फाइलमध्ये येते. एफ-क्रमांक येत नाही. म्हणजे अभिप्रायातले ‘एफ/४’ आणि ‘एफ/८’ हे लेन्सच्या रिंगवर वाचलेले आकडे होते. रिंगवरचा आकडा आणि प्रत्यक्ष छिद्र एकच असते असे आपण धरून चालतो. या लेन्समध्ये ते धरून चालता येत नाही.

५०० मालिकेची लेन्स कॅमेऱ्यावर असताना डायफ्रॅम पूर्ण उघडे राहते, म्हणजे फोकस करताना चित्र उजळ दिसावे. बटण दाबल्यावरच पाती ठरलेल्या आकड्यापर्यंत मिटतात. साध्या ॲडॉप्टरवर ते बटण दाबणारे कोणी नाही. आतले शटर कॉक केलेल्या (स्प्रिंग ताणलेल्या) अवस्थेत उघडे राहते आणि एक्स्पोजर कॅमेऱ्याचे, सेन्सरपुढचे फोकल प्लेन शटर करते. पाती मिटवायची तर लेन्सवरचे डेप्थ ऑफ फील्ड बघण्याचे छोटे लिव्हर हाताने ढकलावे लागते. ते ढकलले नाही, तर रिंग एफ/८वर असो की एफ/१६वर, छिद्र एफ/२.८चेच राहते. प्रकाशमापन आपोआप होत असल्यामुळे चित्र फार काळे किंवा फार पांढरे पडत नाही. शटरचा वेग गुपचूप वाढतो, एवढेच.

वेगांकडे पाहिल्यावर शंका बळावली. लँडस्केपवाल्याच्या ‘एफ/५.६’ आणि ‘एफ/८’ म्हणून दाखवलेल्या फ्रेम एकाच प्रकाशात, एकाच आयएसओला आणि सारख्याच वेगाने घेतलेल्या होत्या. छिद्र एक स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्मा होईल इतके, मिटल्यावर वेग निम्म्यावर यायला हवा होता. पक्का पुरावा मात्र चित्रातच होता. त्याच्या एका फ्रेमच्या तळाशी ओली गवताची पाती होती, फोकसच्या बाहेर, आणि त्यांच्यावरचे थेंब चमकत होते. प्रत्येक चमक गोल. पाच पात्यांचे डायफ्रॅम एफ/८पर्यंत मिटले असते तर ते ठिपके पंचकोनी दिसायला हवे होते. पोर्ट्रेटवालीच्या ‘एफ/४’ चित्रांत झाडांच्या फटींतून येणारे कवडसे पाहिले: मध्यभागी वाटोळे, कडेकडेला बदामाच्या आकाराकडे झुकणारे. हीसुद्धा पूर्ण उघड्या लेन्सची खूण. कोपऱ्याकडे जाणारा झोत लेन्सच्या नळीने कापला जातो म्हणून ठिपका बदामी होतो, आणि छिद्र मिटले की हा परिणाम कमी होत जातो.

दोघांनीही लिव्हर ढकलले नव्हते. त्याला त्यामुळे वाटले की लेन्स एफ/८लाही सुधारत नाही. तिला वाटले की एफ/४ला इतकी पार्श्वभूमी विरघळवणे म्हणजे मोठ्या सेन्सरची जादू. काकांनी हासेलब्लाडचा ५०० मालिकेचा कॅमेरा फिल्मच्या काळात वर्षानुवर्षे वापरलेला. त्यांचे बोट सवयीनेच लिव्हरवर गेले. ते त्यांनी अभिप्रायात लिहिले नाही, कारण ते लिहिण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नाही. जाणत्या माणसाच्या अभिप्रायाचा हा एक तोटा असतो: सर्वांत उपयोगी माहिती त्याच्या हाताला ठाऊक असते, त्यामुळे ती कागदावर येत नाही.

पण डावीच बाजू का?

लिव्हरमुळे लेन्स उघडी होती हे मान्य. उघडी लेन्स एकाच बाजूला मऊ का पडावी? फील्ड कर्व्हेचर, म्हणजे फोकसचा पृष्ठभाग सपाट नसून वाटीसारखा असणे, हा संशयित लगेच सुटला, कारण वाटी दोन्ही बाजूंना सारखी असते. उजवी बाजूही मऊ पडली असती. उजवी तर टोकदार होती. उरले दोन: लेन्समधले एखादे भिंग अक्षावरून सरकलेले असणे, म्हणजे डिसेंटरिंग, किंवा लेन्स आणि सेन्सर एकमेकांना समांतर नसणे, म्हणजे टिल्ट. दोघांत फरक करायची सोपी युक्ती आहे. मऊ बाजूवर मॅग्निफायर (पडद्यावर चित्र मोठे करून दाखवणारी सोय) लावून पुन्हा फोकस करायचा. डिसेंटरिंग असेल तर कितीही फिरवा, ती बाजू पुरती टोकदार होत नाही. टिल्ट असेल तर होते, आणि त्याच वेळी दुसरी बाजू घसरते.

त्याला मी दूरच्या क्षितिजावर, ट्रायपॉडवरून, स्टॅबिलायझेशन बंद करून, लेन्स मुद्दाम उघडी ठेवून हे करायला सांगितले. दूरचे दृश्य अशासाठी की लेन्सच्या हिशेबात तिथे सगळेच बिंदू अनंतावर असतात. कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही असली भानगड उरत नाही. विटांच्या भिंतींची जी चाचणीचित्रे सगळीकडे दिसतात त्यांतली पुष्कळशी लेन्सपेक्षा ट्रायपॉड लावणाऱ्याचीच परीक्षा असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

डावीकडे फोकस केल्यावर डावी बाजू टोकदार झाली आणि उजवी धूसर. काच निर्दोष. मग कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा टांगून तेच दृश्य घेतले. फ्रेमची डावी बाजूच मऊ राहिली, आता तिथे दृश्याचा दुसरा भाग असूनही. म्हणजे दोष दृश्यात किंवा हवेत नाही, सामानात आहे. त्याच कॅमेऱ्यावर जीएफएक्सची स्वतःची लेन्स लावली. दोन्ही कडा सारख्या. कॅमेऱ्याचे माउंट सुटले. आता कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधली एकच वस्तू उरली होती, जिच्याबद्दल तिघांपैकी कोणी एक शब्द लिहिला नव्हता.

लेन्सबरोबर मालकाचा ॲडॉप्टर फिरत होता. काकांनी आणि पोर्ट्रेटवालीने तोच वापरला. लँडस्केपवाल्याकडे स्वतःचा ॲडॉप्टर होता, ट्रायपॉडचा पाय असलेला. वजन मधोमध येते म्हणून त्याने तो लावला. त्यात गैर काही नाही, उलट शहाणपणच. पण ते लिहावे असे त्याला वाटले नाही. विचारल्यावर तो म्हणाला, ‘अरे, त्यात काचच नाही, रिकामी कडी आहे!’

रिकाम्या कडीचे गणित

हासेलब्लाडच्या ५०० मालिकेत माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ७४.९ मिमी, जीएफएक्समध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचे २६.७ मिमी. ॲडॉप्टरची लांबी या दोहोंतल्या फरकाइतकी, म्हणजे ४८.२ मिमी हवी. काकांकडे ०.०१ मिमीपर्यंत वाचणारा मायक्रोमीटर आहे. त्यांनी लँडस्केपवाल्याची कडी दोन्ही माउंटच्या पृष्ठभागांमध्ये धरून चारी बाजूंनी मोजली. एका बाजूला ४८.२० भरले, समोरच्या बाजूला ४८.१५. सरासरीने कडी पाव दशांश मिलिमीटर, म्हणजे ०.०२५ मिमी, आखूड होती आणि एका अंगाला कललेली.

आखूड असणे हा दोष नव्हे. पुष्कळसे ॲडॉप्टर मुद्दाम किंचित आखूड करतात, कारण लांब झाले तर लेन्स अनंतापर्यंत पोचतच नाही. आखूड असेल तर ती अनंताच्या थोडी पलीकडे जाते, आणि छायाचित्रकाराने फोकस बघून मागे यावे अशी अपेक्षा असते. लँडस्केपवाल्याने मात्र दूरचे दृश्य म्हणून रिंग अनंताच्या खुंटीला टेकवली होती आणि पुढे पाहिले नव्हते. फिल्मच्या काळात मूळ कॅमेऱ्यावर ही सवय बरोबरच होती.

आता तो अर्ध्या दशांशाचा कल. ०.०५ मिमी म्हणजे प्रिंटरमधल्या साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मे. माउंटचा व्यास ६५ मिमी धरला तर सेन्सरच्या ४४ मिमी रुंदीत हा फरक ०.०३४ मिमी होतो; मध्यापासून प्रत्येक कडेला १७ मायक्रॉन. त्यात आखूडपणाचे २५ मायक्रॉन मिळवा. खुंटीला टेकलेल्या लेन्सचा फोकस डाव्या कडेला ४२ मायक्रॉनने, मध्यभागी २५ने आणि उजव्या कडेला अवघ्या ८ने चुकलेला.

फोकस चुकल्याने बिंदूचा जो ठिपका होतो त्याचा व्यास काढायचा तर ही चूक एफ-क्रमांकाने भागायची. एफ/२.८ला डावीकडे १५ मायक्रॉन, म्हणजे चार पिक्सेल. मध्यभागी ९ मायक्रॉन, दोन पिक्सेलांहून थोडा जास्त. उजवीकडे ३ मायक्रॉन, एका पिक्सेलपेक्षाही कमी. त्याच्या तिन्ही तुकड्यांत नेमके हेच दिसत होते, आणि मध्यभाग ‘ठीक आहे’ असे त्याने लिहिलेही होते.

हीच कडी, हीच खुंटी, पण लिव्हर ढकलून खरा एफ/८ केला तर? डावीकडचा ठिपका ५ मायक्रॉनचा. एफ/८ला विवर्तनामुळेच, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बिंदूची तबकडी सुमारे १०.७ मायक्रॉनची होते, तेव्हा या पाचांचे फारसे काही चालत नाही. आम्ही ते करूनही पाहिले. डावी बाजू उजवीच्या जवळपास आली. शेजारी ठेवून बघितल्याशिवाय फरक सांगता येईना.

आणि फिल्म? ६×६साठी चालणाऱ्या ठिपक्याचे पारंपरिक माप ०.०५ मिमी. एफ/२.८ला त्या मापाने फोकस १४० मायक्रॉन पुढेमागे झाला तरी चालत असे. पिक्सेलच्या मापाने ही सूट साडेदहा मायक्रॉनवर येते. ज्या कडीने फिल्मवर आयुष्यभर कोणाला त्रास दिला नसता तिने इथे एका चांगल्या लेन्सची बदनामी केली. कलती कडी, न ढकललेले लिव्हर आणि खुंटीवर टाकलेला भरवसा: तिन्हींपैकी कोणतेही एक नसते तर बोलण्याजोगे काही घडलेच नसते.

जादूची तपासणी

पोर्ट्रेटवालीला मी सांगितले की तुझी चित्रे एफ/४ची नव्हेत, एफ/२.८ची आहेत. ती म्हणाली, ‘असू देत. सुंदर आहेत की नाहीत?’ आहेत. पण ‘हे फुल फ्रेमवर होत नाही’ हे तिचे वाक्य तपासण्यासारखे होते.

सेन्सरच्या कर्णांचे गुणोत्तर ०.७९. त्या हिशेबाने ८० मिमी एफ/२.८ म्हणजे फुल फ्रेमवर ६३ मिमी एफ/२.२. पण हा हिशेब ३:२ आणि ४:३ या दोन वेगळ्या आकारांची तुलना करतो. पोर्ट्रेट ४:३मध्येच छापायचे असेल तर फुल फ्रेमचे चित्रही कापून ४:३ करावे लागते. मग त्यातला ३२ × २४ मिमी भाग उरतो आणि गुणोत्तर ०.७३ होते. म्हणजे ५८ मिमी एफ/२. दोन्ही लेन्सच्या छिद्राचा व्यास काढून बघा: ८० भागिले २.८ म्हणजे साडेअठ्ठावीस मिमीच्या आसपास, ५८ भागिले २ म्हणजे २९ मिमी. सारख्या अंतरावरून सारखीच चौकट धरली तर पार्श्वभूमी किती विरघळणार हे या व्यासावर ठरते. सेन्सरला त्यात वेगळे मत नाही.

एकाला बसवून, एकाच खिडकीच्या उजेडात, दोन्ही कॅमेरे एकाच जागेवर आळीपाळीने ठेवून चित्रे घेतली. फुल फ्रेमचा कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा होता. कापल्यावर ४० उरले. दोन्ही फाइल्स २०४८ पिक्सेलांवर आणून, नावे झाकून दाखवल्या. पोर्ट्रेटवालीने मिडियम फॉरमॅट म्हणून ज्यावर बोट ठेवले ते दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र होते. लँडस्केपवाला हसला, मग त्यानेही तेच निवडले. काकांनी निवडायलाच नकार दिला: ‘या मापात सांगता येणार नाही, उगाच कशाला?’

मग दोन्ही चित्रे मीटरभर रुंदीला छापली. १०२ मेगापिक्सेलची फाइल इंचाला ३०० पिक्सेलांनी ३८.८ इंच भरते. त्या मापाला तिला ताणावे लागत नाही, दुसरीला लागते. इथे फरक दिसला. तो पार्श्वभूमीत नव्हता. पापण्यांच्या मुळाशी, कानामागच्या बारीक केसांत, कापडाच्या विणीत होता. त्वचेवरचा उजेड सावलीत जाताना मधल्या छटा जास्त सलग होत्या. हा मोठ्या सेन्सरचा खरा हिस्सा: जास्त पृष्ठभागावर गोळा झालेला जास्त प्रकाश आणि जास्त तपशील. माझ्या मते मिडियम फॉरमॅटचा कॅमेरा घ्यायचा तर यासाठी घ्यावा. पार्श्वभूमी विरघळवायला त्याची गरज नाही. फुल फ्रेमसाठी एफ/१.४ आणि एफ/१.२च्या लेन्स आहेत, आणि एफ/१.२शी बरोबरी करायला या सेन्सरवर एफ/१.५ लागेल.

फिकटपणा

काकांच्या ओळीतले ‘थोडी फिकट आहे’ हे शब्द आम्ही सगळ्यांनीच वाचून सोडून दिले होते. पोर्ट्रेटवालीने त्याच गोष्टीला ‘हवेशीर, मऊ सावल्या’ म्हटले होते. लेन्स जुनी, कोटिंग साधे, तेव्हा कॉन्ट्रास्ट कमी असणारच अशी समजूत. काकांना ती पटेना. त्यांच्या मते त्यांच्या जुन्या स्लाइड्समध्ये काळा रंग याहून काळा होता.

मालकाचा ॲडॉप्टर उजेडाकडे धरून आत पाहिले. आतला भाग काळा होता, पण गुळगुळीत, आणि तिरक्या उजेडात चकाकत होता. लेन्स ७९ मिमी कर्णाचे चित्र फेकते, सेन्सर त्यातले ५५ मिमी घेतो. उरलेला प्रकाश जातो कुठे? अठ्ठेचाळीस मिमी लांबीच्या त्या नळीच्या भिंतीवर पडतो, तिथून परावर्तित होऊन सेन्सरवर पसरतो आणि सावल्या उचलून धरतो. पोर्ट्रेटमध्ये मागे उजळ आकाश असले की हे अधिकच. लेन्सला हूड लावले तेव्हा काही कमी झाले. काकांनी नळीच्या आत मखमली काळा कागद चिकटवला तेव्हा बरेच कमी झाले. तीच चौकट आधी आणि नंतर घेतली तर गडद भाग डोळ्यांना सरळ दिसेल इतका खाली गेला. जुन्या कोटिंगचा वाटा शिल्लक राहिलाच, खिडकी चौकटीत घेतली की तो दिसतो. पण ज्याला सगळे ‘झाइसचा जुना मऊपणा’ म्हणत होते त्यातला चांगला मोठा भाग कडीचा होता.

पुढे काय झाले

लँडस्केपवाल्याच्या कडीचे स्क्रू ढिले निघाले. पायावर सगळे वजन पेलताना ते हळूहळू सैल झाले असावेत. घट्ट केल्यावर कल कमी झाला, गेला नाही. उरलेल्यासाठी पातळ बाजूच्या माउंटखाली धातूची पातळ पट्टी घातली आणि काकांनी पुन्हा मोजले. आता तो अनंताच्या खुंटीवर विसंबत नाही. दूरच्या दृश्यालाही लेन्स उघडी ठेवून मॅग्निफायरने फोकस घेतो, मग लिव्हर ढकलतो. क्रम उलटा झाला तर फोकस नेमका कुठे आहे ते मिटलेल्या छिद्रातून नीट कळत नाही.

अभिप्राय लिहिण्याची पद्धतही थोडी बदलली. लेन्सच्या नावाबरोबर ॲडॉप्टर कोणता, फोकस कुठे आणि कसा घेतला, लिव्हर ढकलले होते का, चित्र कोणत्या मापात दाखवले आहे आणि रॉ कुठल्या प्रोफाइलने उघडली एवढे लिहायचे, आणि शक्य असेल तर रॉ फाइलच द्यायची, असे ठरले. लँडस्केपवाला ते मनापासून पाळतो. पोर्ट्रेटवाली अर्धेच लिहिते. काका अजून एकच ओळ लिहितात, पण आता त्या ओळीत कडीचे नाव असते.

मालकाने लेन्स ठेवली. आधुनिक लेन्स घेण्याचा विचार त्याने सोडलेला नाही, आणि माझ्या मते सोडूही नये: ऑटोफोकस, फाइलमध्ये नोंदला जाणारा एफ-क्रमांक आणि कोपऱ्यांपर्यंत एकसारखी धार हे रोजच्या कामात छोटे फायदे नव्हेत. आतले शटर वापरता येत नसल्यामुळे जुन्या कॅमेऱ्यावर १/५००पर्यंत चालणारा फ्लॅश इथे १/१२५वर अडतो, हेही त्याला स्टुडिओत जाणवते. पण चेहऱ्यांसाठी ही लेन्स त्याला आवडली आहे, आता ती काय करते हे माहीत असताना.

पोर्ट्रेटवालीने ती पुन्हा मागून नेली. मखमल लावलेली कडी तिने दोन दिवसांतच परत केली. सावल्या फार काळ्या येतात म्हणाली, आणि काकांना विचारले, ‘काका, तो कागद निघेल का हो?’ काकांनी कागद काढायला साफ नकार दिला. शेवटी मालकाने तिच्यासाठी आतून चकाकणारी दुसरी कडी शोधून दिली.